क्लासला ‘एन्व्ह’ का दिसत नाही?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी संगणकाचा विषय आयुष्यभर मराठीतून शिकवला. तेव्हा विषय कितीही आडवाटेचा असला तरी तो मराठीत आणि उदाहरणासकट मांडायचा, एवढं बंधन मी स्वतःला घालून घेतलं आहे. विषय असा: अनेक टीम मिळून वापरतात त्या बिल्ड पाइपलाइनच्या सामायिक कोडमध्ये क्लासला ग्लोबल व्हेरिएबल का मिळत नाहीत, आणि ती त्याला द्यावीत कशी? समोर बसलेल्यांपैकी काहीजण रोज याच कामात असतात. त्यांनी सुरुवातीचा भाग सांभाळून घ्यावा.

प्रोग्रॅमरनं कोड रिपॉझिटरीत टाकला की तो कम्पाइल करायचा, त्याच्या टेस्ट चालवायच्या, पॅकेज बांधायचं आणि ते सर्व्हरवर चढवायचं. ही कामं ओळीनं आणि आपोआप करणारी व्यवस्था म्हणजे पाइपलाइन. त्यासाठी सर्वांत रुळलेल्या साधनांपैकी एक जेन्किन्स. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना 2004 साली ते लिहायला घेतलं, तेव्हा त्याचं नाव हडसन होतं. 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली, नावाच्या मालकीवरून वाजलं, आणि जानेवारी 2011 मध्ये त्यावर काम करणाऱ्या मंडळींनी मतदान करून जेन्किन्स हे नाव घेतलं. एप्रिल 2016 मध्ये जेन्किन्स 2.0 आलं आणि पाइपलाइन त्याच्या केंद्रस्थानी आली. पूर्वी वेबपानावरच्या रकान्यांत जे भरावं लागे, ते आता जेन्किन्सफाइल नावाच्या फाइलीत, ग्रूव्ही भाषेत लिहिलं जाऊ लागलं.

मग व्हायचं तेच झालं. एका प्रोजेक्टची जेन्किन्सफाइल दुसऱ्यानं उचलली, दुसऱ्याची तिसऱ्यानं. सर्व्हरचा पत्ता बदलला की पंचवीस ठिकाणी दुरुस्ती. यावर उपाय म्हणजे शेअर्ड लायब्ररी: सगळ्यांना लागणारा कोड एका वेगळ्या रिपॉझिटरीत ठेवायचा आणि जेन्किन्सफाइलच्या डोक्यावर एक ओळ लिहून तो आत घ्यायचा. या रिपॉझिटरीत तीन फोल्डर असतात. ‘व्हार्स’मध्ये छोट्या स्क्रिप्ट, प्रत्येक फाइलीचं नाव हेच पाइपलाइनमध्ये एक ग्लोबल व्हेरिएबल होतं. ‘एसआरसी’मध्ये रीतसर ग्रूव्ही क्लास. ‘रिसोर्सेस’मध्ये टेम्प्लेट वगैरे सटरफटर फाइली. आपलं आजचं भांडण पहिल्या दोन फोल्डरमधलं आहे.

भिंत कुठे लागते

समजा, डिप्लॉय करण्याचा कोड व्हार्समधल्या एका स्क्रिप्टमध्ये आहे. त्यात ‘एन्व्ह’ला, म्हणजे बिल्डची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुरवणाऱ्या ग्लोबल व्हेरिएबलला, ब्रांचचं नाव विचारलं आहे आणि ‘एसएच’ या स्टेपनं शेलची कमांड चालवली आहे. सगळं सुरळीत चालतं. फाइल वाढत जाते, कोणीतरी नेटकेपणाच्या हौसेनं तोच कोड उचलून एसआरसीतल्या ‘डिप्लॉयर’ नावाच्या क्लासमध्ये नेतो. एक अक्षर बदललेलं नाही. बिल्ड चालवला की लाल अक्षरांत मेसेज येतो: ‘नो सच प्रॉपर्टी: एन्व्ह फॉर क्लास डिप्लॉयर’. एन्व्हची सोय लावली, तर पुढच्या ओळीला ‘एसएच’ अडतं. कालपर्यंत चालणारा कोड फक्त फोल्डर बदलल्यानं आंधळा झाला, म्हणून लोक जेन्किन्सच्या नावानं बोटं मोडतात.

दोष जेन्किन्सचा नाही. ग्रूव्हीत नुसत्या ओळी लिहिल्या की ती स्क्रिप्ट होते. पडद्याआड तिचाही क्लासच बनतो, पण तो ‘स्क्रिप्ट’ या मूळ क्लासपासून तयार झालेला असतो आणि त्याच्यासोबत एक बाइंडिंग असतं, म्हणजे नावं आणि त्यांच्या किमती यांचा तक्ता. याचा एक पुरावा कोणालाही बघता येईल. जेन्किन्सफाइलच्या वरच्या बाजूला ‘डेफ’ लावून ‘व्हर्जन’ नावाचं व्हेरिएबल केलं, तर त्याच फाइलीतल्या फंक्शनला ते दिसत नाही. ‘डेफ’ काढून टाकला की दिसतं. ‘डेफ’ असताना ते व्हेरिएबल स्क्रिप्टच्या ‘रन’ या मेथडपुरतं स्थानिक असतं. ‘डेफ’ नसला की ते बाइंडिंगमध्ये जाऊन बसतं.

जेन्किन्सनं यावर आपला थर चढवला आहे. पाइपलाइनच्या स्क्रिप्ट ‘सीपीएस-स्क्रिप्ट’ या क्लासपासून तयार होतात. त्या क्लासला एखादं अनोळखी नाव विचारलं, की तो जेन्किन्सकडे नोंदलेली ग्लोबल व्हेरिएबल धुंडाळतो: एन्व्ह, पॅराम्स, करंटबिल्ड आणि व्हार्समधल्या आपल्या फाइली. एसएचसारखी स्टेपही तोच शोधून देतो. थोडक्यात, एन्व्ह हवेत तरंगत नसतं. ते पुरवण्याची व्यवस्था स्क्रिप्टच्या मूळ क्लासमध्ये असते, आणि एसआरसीतला आपला डिप्लॉयर त्या क्लासपासून तयार झालेलाच नसतो. जुन्या वाड्यातल्या सामायिक नळासारखं हे आहे: वाड्यात राहणाऱ्यानं कोणाला न विचारता बादली लावावी, पण पलीकडच्या गल्लीत बिऱ्हाड केलेल्याला पाणी हवं तर रीतसर जोडणी घ्यावी लागते.

आडवाटा

जोडणी घ्यायची नाही म्हटलं की माणसं पळवाटा शोधतात. सर्रास दिसणाऱ्या दोन सांगतो.

पहिली पळवाट जावाची. एन्व्ह मिळत नाही ना, मग ‘सिस्टिम डॉट गेटएन्व्ह’ला विचारू. कोड कम्पाइल होतो, विश्वासू (म्हणजे संपूर्ण जेन्किन्ससाठी नोंदलेल्या) लायब्ररीत चालतोही. पण उत्तर भलत्याचंच मिळतं. पाइपलाइनचा ग्रूव्ही कोड जेन्किन्सच्या कंट्रोलरवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर चालतो; एजंटवर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या यंत्रावर, जातात त्या एसएचसारख्या स्टेप. त्यामुळे गेटएन्व्ह सांगतं ते कंट्रोलरच्या प्रोसेसचं एन्व्हायर्नमेंट. आपल्या बिल्डची ब्रांच त्याला ठाऊकच नसते. ‘न्यू फाइल’ लिहून फाइल वाचायला गेलं तरी तेच: वर्कस्पेस एजंटवर आणि शोध कंट्रोलरच्या डिस्कवर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

दुसरी पळवाट स्टॅटिक फील्डची. पाइपलाइनच्या सुरुवातीला एकदाच स्क्रिप्ट एका क्लासच्या स्टॅटिक फील्डमध्ये ठेवायची आणि मग कुठल्याही क्लासनं तिथून उचलायची. दिसायला सोयीचं, चार महिने चालतंही. पण कंट्रोलर मध्येच रीस्टार्ट झाला की ते फील्ड रिकामं.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पाइपलाइनच्या कोडचं सगळं वेगळेपण त्यात आहे. एखादा बिल्ड ‘इनपुट’ स्टेपवर साहेबांच्या मंजुरीसाठी रात्रभर थांबू शकतो. त्या रात्री कंट्रोलरवर अपडेट चढवून तो रीस्टार्ट केला, तरी सकाळी बिल्ड जिथे थांबला होता तिथूनच पुढे जातो. हे साधण्यासाठी जेन्किन्स आपला ग्रूव्ही कोड कंटिन्युएशन-पासिंग स्टाइलमध्ये बदलून चालवतं. ‘सीपीएस’ ही अक्षरं तिथलीच. प्रोग्रॅम कुठवर आला आणि कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे, हे सगळं सिरियलाइज करून डिस्कवर लिहिलं जातं. स्टॅटिक फील्ड त्या लेखनात येत नाही. जे ऑब्जेक्ट येतात ते सिरियलायझेबल असावे लागतात. म्हणून एसआरसीतला क्लास काही धरून ठेवणार असेल, तर त्यानं ‘इम्प्लिमेंट्स सिरियलायझेबल’ म्हणायला हवं. रेग्युलर एक्स्प्रेशनचा मॅचर व्हेरिएबलमध्ये तसाच ठेवून पुढच्या ओळीत एसएच बोलावलं, की ‘नॉट सिरियलायझेबल’ म्हणून बिल्ड पडतो. मॅचरची ओळ बिचारी बिनबोभाट चालून गेलेली असते. बोंब होते ती स्टेपपाशी. मॅचरमधून हवी ती स्ट्रिंग काढून घ्यावी आणि मॅचर तिथेच सोडावा.

राजरस्ता

राजरस्ता जेन्किन्सच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेला आहे: क्लासला जे लागतं ते त्याच्या हातात द्या. व्हार्समधल्या स्क्रिप्टनं नवा डिप्लॉयर बनवताना कंसात ‘धिस’ द्यायचं, म्हणजे स्वतःलाच द्यायचं. डिप्लॉयरच्या कन्स्ट्रक्टरनं ते ‘स्टेप्स’ नावाच्या फील्डमध्ये ठेवायचं. मग आत एसएचच्या ऐवजी ‘स्टेप्स डॉट एसएच’ आणि एन्व्हच्या ऐवजी ‘स्टेप्स डॉट एन्व्ह’. व्हार्समधलं दुसरं व्हेरिएबल हवं असेल तर तेही ‘स्टेप्स’ला विचारलं की मिळतं. क्लासनं काही धरून ठेवायचं नसेल तर स्टॅटिक मेथड लिहून तिच्या पहिल्या पॅरामीटरमध्ये स्क्रिप्ट दिली तरी भागतं.

एक सावधगिरी. कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त ठेवून घ्यायचं, काम करायचं नाही. ‘न्यू’नं ऑब्जेक्ट बनवण्याची क्रिया सीपीएसमध्ये बदलता येत नाही, त्यामुळे कन्स्ट्रक्टरच्या आत स्टेप बोलावली तर बिल्ड विचित्र पद्धतीनं मोडतो. ब्रांच शोधणं, टॅग वाचणं ही कामं ‘रन’सारख्या वेगळ्या मेथडमध्ये ठेवावीत.

इथपर्यंतचं तर बहुतेकांना माहीत असतं आणि बहुतेकजण इथेच थांबतात. माझं म्हणणं इथून सुरू होतं. ‘धिस’ देऊन अडचण सुटते, शिस्त येत नाही. ज्या क्लासच्या हातात अख्खी स्क्रिप्ट आहे त्याला जेन्किन्समधलं सगळंच मोकळं आहे: प्रत्येक स्टेप, प्रत्येक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, करंटबिल्डचा निकाल बदलण्याची मुभासुद्धा. ग्लोबल व्हेरिएबल दारातून हाकललं आणि खिडकीतून आत घेतलं, एवढंच झालं. कन्स्ट्रक्टरवर ‘स्टेप्स’ हा एकच शब्द दिसतो. क्लासला नेमकं काय लागतं हे कळायला आतल्या तीनशे ओळी वाचाव्याच लागतात.

म्हणून मी दोन पायऱ्या मानतो. क्लासला फक्त माहिती हवी असेल, तर माहितीच द्या: ब्रांचचं नाव, बिल्डचा नंबर, सर्व्हरचा पत्ता. एन्व्हमधून ती वाचण्याचं काम व्हार्समधल्या स्क्रिप्टनं करावं आणि वाचलेली किंमत कन्स्ट्रक्टरला द्यावी. प्रत्यक्ष कमांड चालवायची असेल तेव्हाच स्क्रिप्ट द्यावी, आणि तीही मोजक्या क्लासना. व्हर्जनचा पुढचा आकडा ठरवणारा क्लास, कोणती ब्रांच कोणत्या सर्व्हरवर जाते ते ठरवणारा क्लास, मेलचा मजकूर तयार करणारा क्लास: यांतल्या एकालाही जेन्किन्स ठाऊक असण्याचं कारण नाही.

एन्व्हचा स्वभाव

किंमत दाराशीच वाचून घ्यावी म्हणतो, त्याला एन्व्हचा स्वभावही कारण आहे. एन्व्हमध्ये जे ठेवाल त्याची स्ट्रिंग होते. ‘एन्व्ह डॉट डिप्लॉय’ला फॉल्स दिलं, तर आत जातात ‘फॉल्स’ या शब्दाची पाच इंग्रजी अक्षरं. आणि ग्रूव्हीत रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ‘इफ’च्या कंसात ट्रू ठरते. म्हणजे ‘डिप्लॉय करू नका’ असं लिहून ठेवायचं आणि ‘इफ एन्व्ह डॉट डिप्लॉय’ या ओळीनं खुशाल डिप्लॉय करायचं! ही तपासणी दहा क्लासमध्ये विखुरलेली असेल तर दहा ठिकाणी चुकण्याची सोय आहे. स्क्रिप्टनं एकदाच ‘टूबूलियन’ लावून खरं-खोटं ठरवलं आणि ती किंमत आत दिली, तर चूक झालीच तरी एका जागी सापडेल.

दुसरी खोड पॅरलल चालणाऱ्या कामांची. दोन ब्लॉक एकाच वेळी चालले आहेत, दोघांनी ‘एन्व्ह डॉट टार्गेट’मध्ये आपापल्या सर्व्हरचं नाव लिहिलं. एन्व्ह अख्ख्या बिल्डला एकच. पहिला ब्लॉक नाव लिहितो आणि एसएच चालवून उत्तराची वाट बघत थांबतो. तेवढ्यात दुसऱ्याची पाळी येते, तो त्याच जागी आपलं नाव लिहितो. पहिला परत येऊन वाचतो तर तिथे दुसऱ्याचा सर्व्हर. पहिल्याचं पॅकेज दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातं आणि लॉगमध्ये सगळं हिरवंगार दिसतं. ज्यांना असं नाव शेलपर्यंत पोचवायचं असेल त्यांच्यासाठी ‘विथएन्व्ह’ आहे. त्याची किंमत त्या ब्लॉकपुरती राहते. क्लाससाठी मात्र साधं पॅरामीटर पुरेसं आहे. प्रत्येक ब्लॉक आपला डिप्लॉयर बनवतो, आपलं टार्गेट त्याला देतो, दुसरा त्यात हात घालू शकत नाही.

व्हार्समधल्या स्क्रिप्टनाही हाच न्याय लागू आहे. त्यांच्या फील्डमध्ये काही साठवून ठेवू नये, त्या फक्त फंक्शनांचा संच म्हणून राहाव्यात, असं दस्तऐवज स्पष्ट सांगतो. कंट्रोलर रीस्टार्ट झाला की साठवलेलं हरवतं. व्हार्स हे दार आहे. तिथे ठाण मांडून बसू नये.

याचा फायदा कोणाला

पहिला फायदा टेस्ट लिहिणाऱ्याला. पाइपलाइनच्या कोडची टेस्ट कशी करणार, असं विचारलं की पुष्कळांचं उत्तर असतं: कमिट करायचं, बिल्ड चालवायचा आणि बघत बसायचं. ज्या क्लासला फक्त किमती लागतात, त्याची टेस्ट जेन्किन्सशिवाय, कोणत्याही जावा प्रोजेक्टमध्ये लिहितात तशी, स्पॉक किंवा जेयुनिटमध्ये लिहून होते. ज्याला स्क्रिप्ट लागते त्याला नकली स्क्रिप्ट देता येते. ग्रूव्हीत तर एक साधा मॅपही चालतो: ‘एन्व्ह’ या नावापुढे ब्रांचचा छोटा मॅप, ‘एसएच’ या नावापुढे एक क्लोजर, जो आलेली कमांड चालवण्याऐवजी यादीत लिहून ठेवतो. टेस्टच्या शेवटी यादी तपासायची. व्हार्ससह पूर्ण पाइपलाइन तपासायची तर जेन्किन्स-पाइपलाइन-युनिट नावाची लायब्ररी आहे. बाहेरून देता येतं तेच नकली देता येतं.

दुसरा फायदा सुरक्षेचा. संपूर्ण जेन्किन्ससाठी नोंदलेली विश्वासू लायब्ररी सॅन्डबॉक्सच्या, म्हणजे कोडला घातलेल्या कुंपणाच्या, बाहेर चालते. तिच्या रिपॉझिटरीत ज्याला कमिट करता येतं त्याला जेन्किन्सवर अमर्याद सत्ता मिळू शकते, असा इशारा दस्तऐवजातच आहे. अशा कोडचं रिव्ह्यू करणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की कोणता क्लास कशाला हात लावतो. कन्स्ट्रक्टरवर ब्रांचचं नाव आणि बिल्डचा नंबर एवढंच दिसलं, तर तो क्लास स्टेप्सपर्यंत जाणारा नाही हे उघड आहे. ‘स्टेप्स’ दिसलं की रिव्ह्यू करणाऱ्यानं चष्मा पुसून बसावं.

ही शिस्त एकट्या जेन्किन्सची नाही. गिटहब अॅक्शन्समध्ये एक वर्कफ्लो दुसऱ्या वर्कफ्लोला बोलावतो, तेव्हा बोलावणाऱ्याच्या पातळीवर लिहिलेलं ‘एन्व्ह’ आत पोचत नाही. जे द्यायचं ते इनपुट म्हणून नाव घेऊन द्यावं लागतं. दोन साधनं वेगळी, बनवणारे वेगळे, नियम एकच. आणि नियम जुना आहे. 1972 मध्ये डेव्हिड पार्नस यांनी मांडलं, की प्रोग्रॅमचे भाग पाडताना प्रत्येकानं आपल्या आतलं झाकावं. 1973 मध्ये विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी ग्लोबल व्हेरिएबल घातक आहेत असं शीर्षकातच ठणकावणारा लेख लिहिला. तो काळ आणि आजची पाइपलाइन यांत अर्धशतक गेलं. तरी बिल्डचा कोड हा ‘नुसती स्क्रिप्ट’ आहे, त्याला कसले नियम, ही समजूत अजून गेलेली नाही. ग्राहकाकडे जाणारं प्रत्येक पॅकेज ज्या कोडच्या हातून जातं, त्याला मुख्य प्रॉडक्टपेक्षा कमी दर्जा देण्याचं कारण मला सापडत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळं हातात द्यायचं म्हटलं की पॅरामीटर वाढतात. सात-आठ किमती घेणारा कन्स्ट्रक्टर वाचायलाही नको वाटतो. खरं आहे. पण तो वैताग उपयोगाचा आहे. ज्या क्लासला आठ गोष्टी लागतात तो बहुधा तीन क्लासची कामं करत असतो. ग्लोबल व्हेरिएबल वापरली असती तरी आठ गोष्टी लागल्याच असत्या, फक्त त्या दिसल्या नसत्या. आणि वीस-तीस ओळींची, एकाच प्रोजेक्टची जेन्किन्सफाइल असेल तर क्लास, लायब्ररी यांतलं काहीही करू नका; तिथे एन्व्ह थेट वापरणं हेच शहाणपण. हा खटाटोप सामायिक कोडसाठी आहे, कारण त्या कोडचे वापरणारे लिहिणाऱ्याला ओळखत नाहीत आणि तो त्यांना.

म्हणून माझा निवाडा असा: जेन्किन्समधल्या क्लासला एन्व्ह दिसत नाही ही उणीव समजू नका, तो उपकार समजा. जे लागतं ते मागून घ्यावं आणि मागितलेलं सर्वांना दिसावं, एवढंच ती भिंत सांगते.

तरुण मित्रांना एकच विनंती. उद्या कामावर गेलात की आपल्या शेअर्ड लायब्ररीतला सर्वांत मोठा क्लास उघडा आणि फक्त त्याचा कन्स्ट्रक्टर वाचा. त्या क्लासला काय काय लागतं हे तेवढ्यावरून सांगता आलं, तर तो तसाच राहू द्या. नाही आलं, तर नवीन काही लिहिण्याआधी तो दुरुस्त करा.